रांग कोणाच्या ताब्यात?

(वार्षिक समारंभातील भाषण)



शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. एका संगणक कक्षात एक मुलगी दोन तास बसून होती. उत्पन्नाचा दाखला काही केल्या जाईना. शेजारच्या यंत्रावरून स्नेहसंमेलनाची चित्रफीत पाठवणे चालू होते. अर्ज राहिला. लाइन मंद आहे, असे सर्वांनी म्हटले, मीही म्हटले. दोष वाटपाचा होता.

कर्जतकरांना हे नवे नाही. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्याने शेतांना मिळते. वरच्याने मनसोक्त घेतले की शेवटच्याचे शेत कोरडे. म्हणून पाळी लावावी लागते.

बाहेर जाणारी माहिती मोडेममध्ये रांगेत उभी राहते. रांग 256 किलोबाइटची आणि वेग सेकंदाला 1 मेगाबिट असेल, तर मागून आलेले लहानसे पाकीटही सुमारे 2 सेकंद अडकते. एका अर्जासाठी अशी ये-जा कितीतरी वेळा होते. नुसती मोठी लाइन घेऊन भागत नाही. मोठी चित्रफीत तीही भरून टाकते.

खालापूरकरांनी पाहिले असेल, सुट्टीच्या गर्दीत बोरघाट तुंबू नये म्हणून अवजड वाहने घाटाखालीच थांबवतात. तसेच येथे करायचे. लाइन 10 मेगाबिटची असेल तर आपल्या राउटरवर मर्यादा 9 ठेवायची. मग रांग मोडेममध्ये न साठता आपल्या राउटरवर येते, आणि तेथे प्रत्येक यंत्राला पाळीने सोडता येते. 2012 साली कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ पद्धत मांडली. पाकीट रांगेत किती वेळ थांबले हे ती मोजते. वेळ वाढत राहिला तर काही पाकिटे टाकून देते, आणि पाठवणारा आपसूक हात आखडता घेतो. बाहेरून येणाऱ्या माहितीवरही आपला ताबा एवढाच, आडून.

18 यंत्रांना अर्धा-अर्धा मेगाबिट सक्तीने वाटला, तर दोघेच बसले असताना आठ मेगाबिट वाया जातील. तेव्हा अर्धा हमीचा. बाकी रिकामे असेल तर उसने, मालक आला की परत. लिनक्समध्ये ही सोय फुकट आहे. (फुकट म्हणून कमअस्सल समजू नये.)

अर्जाच्या दिवसांत आपल्या कक्षातील दोन यंत्रांचा हमीचा वाटा वाढवावा आणि चित्रफिती रात्री पाठवाव्यात, एवढी कक्षप्रमुखांना विनंती आहे.