आधी थांबायला शिकावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केलेत, हा तुमचा लोभ. भाटघरची बाई बर्फावर कशी घसरली, तेवढे सांगते.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी लेकीजावयाबरोबर उत्तराखंडात औलीला गेले होते. औलीच्या खाली जोशीमठ हे बद्रीनाथाच्या वाटेवरचे डोंगरी गाव. हिवाळ्यात बद्रीनाथाची कवाडे मिटतात, यात्रा थांबते. मग पुष्कळांच्या हाताला काम देतो तो औलीचा बर्फ. पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत यायचे, या खेळाला स्कीइंग म्हणतात. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तेथे झाल्या.

नातीच्या हट्टापायी मीही पट्ट्या बांधल्या. हसू नका! शिकवणारा मुलगा म्हणाला, "माताजी, पहले रुकना सीखिए." पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची, टाचा फाकवायच्या, की वेग मोडतो. हे जमले तरच उतार.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये त्याच जोशीमठात शेकडो घरांना तडे गेले. बायकांना मांडलेला संसार सोडून बाहेर पडावे लागले. औलीला जाणारा रज्जुमार्गही बंद करावा लागला. गाव वसले आहे जुन्या दरडीच्या ढिगावर. तेथे जड बांधकामे नकोत, असे सरकारी समितीने १९७६ सालीच बजावले होते. पण बांधकामे थांबली नाहीत.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बर्फ कुठला? बर्फ नाही, पण डोंगर आहेत आणि पाहुणेही आहेत. राजगड, तोरणा, रायरेश्वर पाहायला माणसे येतात. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपल्या पिठले-भाकरीला चार पैसे मिळतात, याचा मला आनंदच आहे. पण बंगल्यासाठी डोंगराचा उतार कापलेला दिसला की पोटात गोळा येतो. आपल्याच जिल्ह्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली.

आपले धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यासाठी वाडवडिलांनी खालची जमीन दिली. आता वरचा डोंगर तेवढा राखायचा आहे.

म्हणून एकच मागणे. २००५ च्या कायद्याने वडिलार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच वाटा दिला आहे. तेव्हा सहीसाठी कागद आपल्याही पुढे येतो. भाऊराया म्हणेल, "अक्का, इथे अंगठा कर." त्याच्यावर रागावू नका, पण दोन गोष्टी जरूर विचारा. येथे डोंगर कापणार का? आणि पावसाचे पाणी कोठून जाणार? उत्तर मिळेपर्यंत हात आखडता घ्या.

पाहुण्यांना भाकरी वाढू या, पण चुलीखालची जमीन सांभाळून.