हिशेब ठेवणारा दुकानदार
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अब्जाधीशाचे नाव निघाले की आपण म्हणतो, एकतर याचे नशीब फळफळले, नाहीतर याने कुणाला तरी लुबाडले. आज अमेरिकेतल्या सॅम वॉल्टनचा हिशेब तपासून बघू.

हा माणूस १९१८ साली ओक्लाहोमात जन्मला. मंदीच्या काळात कर्ज थकलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेण्याचे काम त्याचा बाप करी. पोराने ते डोळ्यांनी पाहिले. १९४५ साली त्याने आर्कान्सा राज्यात न्यूपोर्ट या कापसाच्या गावी २५ हजार डॉलरला दुकान घेतले. त्यातले २० हजार सासऱ्याचे कर्ज. पाच वर्षांत दुकान जोरात चालू लागले, पण भाडेपट्ट्यात मुदत वाढवण्याचे कलम नव्हते. जागामालकाने जागा काढून घेतली. १९५० साली तो बेंटनव्हिलला गेला, तेव्हा मात्र दुकान वाढवण्यासाठी शेजारच्या जागेचा पट्टा ९९ वर्षांचा करून घेतला.

त्याचे गणित साधे. ८० सेंटची वस्तू १२० ला विकली तर नगामागे नफा ४०. तीच १०० ला विकली तर नफा २०, पण खप तिप्पट. म्हणजे ४० च्या जागी ६० पदरात. माल स्वस्त पडावा म्हणून तो गाडीला ट्रेलर जोडून मधल्या घाऊक व्यापाऱ्याला वगळून खरेदीला जाई.

१९६२ साली रॉजर्स गावी पहिले वॉलमार्ट उघडले. मोठे दुकानदार ज्या लहान गावांना विचारत नव्हते, तिथेच त्याने दुकाने काढली. वखार मध्यभागी आणि दुकाने ट्रक एका दिवसात पोचेल एवढ्या अंतरावर. १९८५ साली ‘फोर्ब्स’ मासिकाने त्याला अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस ठरवले. १९८७ पर्यंत सगळी दुकाने उपग्रहाने जोडली. कुठे काय खपले, ते मुख्य कचेरीत लगेच कळू लागले. १९९२ साली तो वारला.

याला दुसरी बाजूही आहे. दुकानातल्या नोकरांचा पगार त्याने कमी ठेवला, त्यांची युनियन होऊ दिली नाही. आणि खरेदीदार एवढा मोठा झाला की माल पुरवणाऱ्याला त्याचाच भाव ऐकावा लागतो. याच कंपनीने २०१८ साली आपल्या देशातल्या फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतला. असा खरेदीदार आता आपल्याही दारात आला आहे.

त्याच्यापुढे आपण कसे उभे राहतो? क्विंटलभर कापसाला बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी मिळून किती खर्च आला, हे न मांडताच गाडी भरतो. घरच्या माणसांची मजुरी तर कुणीच धरत नाही. ज्वारीचा कडबा हिशेबात येत नाही. प्रत्येक जण एकेकटा काट्यावर जातो आणि कडता कापला तरी मुकाट्याने पट्टी घेतो. समोरच्याकडे पैशापैशाचा हिशेब, आपल्याकडे नुसता अंदाज. अशा सौद्यात भाव कोण ठरवणार?

म्हणून दोन कामे सांगतो. वेचणीआधी घरच्या मजुरीसकट एका क्विंटलचा खर्च वहीत मांडा. मायबहिणींना जवळ बसवून मांडा, वेचणीचे दिवस त्यांच्या ध्यानात असतात. आणि गावातल्या दहा जणांचा तरी कापूस एकत्र करून मगच सौद्याला बसा.

पुढच्या बैठकीला येताना वही आणा. तिथे गावोगावचे आकडे शेजारी शेजारी मांडू.