लादलेले नाव आणि स्वीकारलेले नाव



आपण नुकतीच दीक्षा घेतली आहे. 'धर्म बदलला, नावे बदलली, म्हणजे तुम्ही संस्कृतीच टाकली,' असा आक्षेप आपल्या कानी येत असेल. त्यास उत्तर देण्यापूर्वी, संस्कृती हिरावून घेणे म्हणजे काय, ते पाहा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथे १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलांतील आदिवासीपण नष्ट करावे, हे तिचे उघड धोरण होते. मुलांचे केस कापले, मातृभाषेस बंदी केली. लाकोटा जमातीचे ल्यूथर स्टँडिंग बेअर यांनी पुढे लिहून ठेवले की, फळ्यावरील नावांपैकी एकावर काठी टेकवण्यास त्यांना सांगण्यात आले. ती अक्षरे त्यांना वाचताही येत नव्हती. पण तेच त्यांचे नाव झाले! १९१८ साली शाळा बंद झाली. शंभराहून अधिक मुले तेथील मातीतच राहिली.

परंतु ज्यांनी छळ केला त्यांचेच दप्तर आज साक्षीदार झाले आहे. राष्ट्रीय अभिलेखागारातील या विद्यार्थ्यांचे कागद व छायाचित्रे डिकिन्सन महाविद्यालयाने संगणकावर उतरवून सर्वांस खुली केली आहेत. वंशजांना त्यांत आपल्या माणसांचा माग लागतो. २०१७ पासून काही मुलांचे अवशेषही स्वजनांकडे परतले आहेत.

आता भेद ध्यानात घ्या. त्या मुलांवर नाव लादले गेले. आपण नाव स्वीकारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा लोकांनी स्वमुखाने उच्चारल्या. ज्यांना गावाने कचऱ्या, धोंड्या म्हणून हाकारले, त्यांनी स्वतःचे नाव स्वतः निवडले. हे संस्कृती टाकणे नव्हे, माणुसकी परत घेणे होय.

म्हणून आपली नोंद आपणच ठेवा. त्याचे साधन आज खिशातील मोबाईलमध्ये आहे. वृद्धांची संमती घेऊन त्यांचे निवेदन ध्वनिमुद्रित करा. आरंभी नाव, गाव, तारीख सांगा. जुने कागद व छायाचित्रे यांच्या प्रती काढून एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. शाळेच्या दाखल्यावर जुनी जात लिहिली आहे म्हणून लाजेने तो फाडू नका. १९९० साली केंद्राने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचे हक्क मान्य केले. ते सिद्ध करतानाही हाच कागद उपयोगी पडतो. तो आपला कलंक नव्हे, अन्यायाविरुद्धचा पुरावा आहे.

ज्यांची नोंद परक्यांच्या हाती, त्यांचा इतिहासही परक्यांच्या हाती जातो. तो जाऊ देऊ नका.

जय भीम!