ध्येयवेडा आणि वेडा

२ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसी गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांना ‘ध्येयवेडे’ म्हणताना मराठी माणसाची मान ताठ होते. मन आजारी पडलेल्या शेजाऱ्यावर मात्र ‘वेडा’ हाच शब्द शिवीसारखा फेकला जातो. मग घरचे आजार लपवतात आणि रुग्णाला भगताकडे नेतात. सत्तेच्या हाती तर हा शब्द तुरुंग बनतो. सोव्हिएत रशियात विरोधकांवर ‘स्किझोफ्रेनिया’चा शिक्का मारून त्यांना इस्पितळांत कोंडले गेले, समाजवाद्यांनी तरी हे विसरू नये. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राजकीय मतांवरून कोणालाही मनोरुग्ण ठरवण्यास मनाई केली. त्याच कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क दिला आहे. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरील रुग्णांसाठी तो मागितला पाहिजे.