मावळ्यांचे पोशाख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, अहो, मी सातवी शिकलेली बाई. मला शिवायला सांगा, बोलायला सांगू नका. त्यावर आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, जे शिवलेत त्याबद्दलच बोला. तेव्हा तेवढ्यापुरतेच बोलते.

यंदाच्या शिवजयंतीला आपल्या आळीतल्या मुलांनी घोडखिंडीची लढाई करून दाखविली, ती आपण सर्वांनी पाहिलीच. 22 मावळे, बाजीप्रभू, शिवा काशीद आणि महाराज, असे 25 पोशाख आपल्या मंडळातील 11 जणींनी घरी शिवले. तरुण मंडळींचा बेत मात्र निराळा होता. भाड्याने पोशाख आणावयाचे, झगझगीत साटिनचे, चित्रपटात असतात तसे. मी त्याला पहिल्याच बैठकीत आडवी गेले. पुष्कळांना वाटले, बाई खर्चाला भितात. खर्चाचा प्रश्न नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांमागे त्यांच्या गावच्या मिरवणुकीत मावळा झाला होता. अंगात भाड्याचा साटिनचा अंगरखा आणि शेजारच्या मुलाच्या हातात मशाल. एक ठिणगी बाहीवर पडली. सुती कापड असते तर झटकून टाकता आले असते. हे कापड वितळले आणि कोपरापासून मनगटापर्यंत कातडीला चिकटून बसले. दवाखान्यात ते सोडविताना पोराने जो टाहो फोडला तो माझी बहीण अजून झोपेत ऐकते. हात वाचला, पण मूठ पुरती वळत नाही. म्हणून मी सांगितले की मशाल असेल तर अंगावर सूत किंवा लोकर, नाही तर माझा मुलगा मावळा होणार नाही.

कापड ओळखणे सोपे आहे. दोन बोटे लांब दोरा उपटावा, चिमट्यात धरून काडी लावावी. सूत कागदासारखे जळते, वासही कागदाचाच येतो, आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो, त्याची टणक गोळी होते. दुकानदार ‘कॉटनच आहे हो’ म्हणाला तरी एक दोरा मागून आणावा. सूतही पेट घेतेच, हे विसरू नये. म्हणून मैदानात दोन बादल्या पाणी आणि ओली पोती ठेवली होती. काही पुरुषमंडळी हसली. त्यांना हसू दिले.

आता पोशाखाकडे वळते. सर्व मावळे एकसारखे दिसावेत असा मुलांचा आग्रह होता, शाळेच्या बँडसारखे. आमच्या आळीतील निवृत्त गुरुजींनी त्यांना समजाविले की मावळ्यांना गणवेश कुठला? घोडदळात बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार आपला घोडा घेऊन येई. पण डोंगरातून आलेला पाईक आपल्या घरचीच वस्त्रे नेसून यावयाचा. म्हणजे जशी ज्याची ऐपत. तेव्हा 25 अंगरखे एका रंगाचे करणे हेच खोटे.

आम्ही 72 मीटर मांजरपाट आणला. अंगरखा आणि गुडघ्यापर्यंतचा चोळणा मिळून मुलामागे सव्वातीन मीटर लागला. आधी गरम पाण्यात भिजवून खळ काढली, मग निरनिराळ्या घरी निरनिराळा रंग दिला. हिरड्याच्या काढ्यात बुडविले की पिवळसर होतो. त्याच काढ्यात गंजलेले खिळे टाकले की काळपट राखी. मंजिष्ठाने विटकरी. एकीने नुसत्या चहाच्या चोथ्यात बुडविला, तोच मला सर्वांत खरा वाटला, कारण तो धुऊन धुऊन विटल्यासारखा दिसे. अंगरख्याला बटण नाही, साखळी तर नाहीच. छातीवर आडवा पदर आणि बगलेशी बंद. बंद दुहेरी दुमडून शिवावे. मारामारीच्या तालमीत पहिल्यांदा तेच तुटतात.

मुंडाशांसाठी विकत काहीच आणले नाही. जुने सुती नऊवारी उभे फाडले की दोन मुंडाशी होतात. कोपऱ्यावरच्या आजींनी आपल्या सासूचे लुगडे दिले आणि फाडताना स्वतः समोर बसून राहिल्या. बांधावयाचेही त्यांनीच शिकविले. शिवलेली तयार पगडी डोक्यावर ठेवली की पोरगा नाटकातला दिसतो. मुंडासे बांधले की त्याची मानच वेगळी राहते.

तो प्रसंग 1660 सालच्या जुलैतला, 12 तारखेच्या रात्रीचा, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा आणि वर धो धो पाऊस. तेव्हा घोंगडी हवीच. घोंगड्या आळीतून मागून आणल्या. खरी लोकर पटकन पेट घेत नाही, हा त्यातला दुसरा फायदा.

शिवा काशीद व्हावयास कोणी तयार नव्हते. सगळ्यांना बाजीप्रभू हवा. मला याचे वाईट वाटले. अहो, त्या रात्री पोशाखानेच तर काम केले! महाराजांसारखी वस्त्रे लेवून तो नेबापूरचा न्हावी पालखीत बसला, पकडला गेला, आणि शत्रूला कळेपर्यंत महाराज पुढे निघून गेले. ती वस्त्रे अंगावर चढविताना त्याला ठाऊक होते की ती उतरावयाची नाहीत. हे मी मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी कुंभारांचा धाकटा आपणहून आला. त्याचा आणि महाराजांचा अंगरखा आम्ही एकाच थानातून, एकाच दिवशी, एकाच हाताने शिवला. टाका न टाका सारखा हवा, असा माझा हट्ट. तोड्याचे मणीसुद्धा मोजून लावले.

ढाली कागदाच्या लगद्याच्या. आपल्या आया टोपल्या करीत तशाच: रद्दी चार दिवस भिजवून कुटली, मेथीचे पीठ घातले आणि पालथ्या घमेल्यावर थापली. मेथीने चिवटपणा येतो, कीडही लागत नाही. खरी ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची असे. तिच्यावर चार फुले दिसतात ती शोभेची समजू नका. आतल्या मुठीच्या कड्या जेथे पक्क्या केलेल्या असतात तेथेच ती बसविलेली असतात, आणि हाताला लागू नये म्हणून आत लहानशी गादी. आम्ही हळदकुंकवाच्या जुन्या करंड्यांची झाकणे लावली. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाणे झाले तर ढाल पुढून पाहाल तशी मागून पाहावयास विसरू नका; शिवणाऱ्या बाईला मागची बाजूच अधिक शिकविते.

तलवारी लाकडी, टोके गोल घासलेली. काही सरळ केल्या, काही वाकड्या. सरळ पात्याला फिरंग म्हणत, कारण तसली पाती युरोपातून येत. बाजीप्रभूंना मुलांनी पत्र्याचे चिलखत घालावयाचे ठरविले होते. मी जाड सुताचे विणले आणि रुपेरी रंग दिला. दहा हातांवरून लोखंडी कड्यांचे दिसते आणि पोराला वाकता येते. विणायला 19 दिवस लागले. मावळ्यांना मात्र चिलखत दिले नाही. गरिबाला ते कोठून मिळणार? ज्यांच्यापाशी काही नव्हते त्यांनी खिंड अडवून धरली, म्हणून तर ती लढाई आपण दाखवितो. उघडी पोटरी पाहून एक आई म्हणाली, माझा मुलगा भिकारी दिसतो. प्रयोग झाल्यावर तीच बाई डोळे पुशीत होती. मी काही बोलले नाही.

खर्चाचा हिशेब चिटणीसबाईंकडे लेखी दिला आहे, ज्यांना पाहावयाचा त्यांनी पाहावा. सर्व पोशाख कडुनिंबाचा पाला घालून मंडळाच्या मोठ्या ट्रंकेत ठेवले आहेत. पुढच्या वर्षी मुलांना कोंढाणा करावयाचा आहे, त्यात मावळे वाढतील. तेव्हा जुनी सुती नऊवारी ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी ती बोहारणीला घालू नयेत, मजकडे पाठवावीत. मात्र मी प्रत्येक लुगड्याचा एक दोरा जाळून पाहणार आहे, त्याचा राग मानू नये.