जिवंत पोहोचलेली बोटुकली



१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. नदीत सापडेल त्या मत्स्यबीजावर विसंबून राहण्याचे दिवस तिथून सरू लागले. बीज मुबलक झाले आणि दूरवर जाऊ लागले. आज बीजकेंद्रातून निघालेली रोहू-कटल्याची बोटुकली रात्रभर टेम्पोत हिंदकळत शेततळ्यावर येते. पिशव्या मोजायच्या, मेलेली बाजूला काढायची, पैसे चुकते करायचे, की व्यवहार संपला. आठवड्याभरात काठाशी मासे तरंगू लागले, की दोष बीजाचा, नाहीतर रोगाचा.

पुष्कळदा त्या मरणाची सुरुवात प्रवासातच झालेली असते.

जाळे ओढताच काही सेकंदांत माशाच्या रक्तात ॲड्रेनॅलिन मिसळते. पाठोपाठ हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला चेतवतो आणि मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातल्या पेशी कॉर्टिसॉल सोडू लागतात. ट्राउट माशाच्या रक्तात एरवी दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या आतबाहेर असणारे कॉर्टिसॉल हाताळणीनंतर तासाभरात शंभरावर जाऊ शकते. यकृतातली साखर रक्तात उतरते, कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढतो. पळून जीव वाचवायला हे सगळे उपयोगाचे. पिशवीत मात्र पळायला जागाच नसते.

कल्ल्यांची गंमत बघण्यासारखी आहे. प्राणवायू जास्त मिळावा म्हणून ते सताड उघडतात, पण त्याच वाटेने रक्तातले क्षार बाहेर झिरपतात आणि गोडे पाणी आत शिरते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्ताची क्षारता साधारण ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतकी असते. ती टिकवायला त्याला एकसारखी ऊर्जा खर्चावी लागते. वाहतुकीच्या पाण्यात थोडे मीठ घालण्याची जुनी रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे. बीज आदल्या दिवशी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, उपाशी ठेवणेही तसेच. पोट रिकामे असले की पिशवीत विष्ठा आणि अमोनिया कमी साचतो.

सर्वात नाजूक क्षण पिशवी उघडण्याचा. बंद पिशवीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकलेले असते, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. दुपारच्या हिरव्यागार तळ्याचा सामू ९ च्या आसपास असतो. ते पाणी पिशवीत ओतताच तोच अमोनिया विषारी रूप घेतो. प्रवासात तगलेले बीज इथे दगावते. सकाळी लवकर बीज सोडले, तर पाण्याचा सामू उतरलेला असतो; तापमानातला फरकही सांभाळता येतो. पहाटेचा प्राणवायू तेवढा तपासून घ्यावा.

पुढचे परिणाम संथपणे येतात. कॉर्टिसॉल चढलेले राहिले की प्रतिकारशक्ती खचते. मग एरवी तळ्यात निमूट असलेला एरोमोनास जिवाणू किंवा सॅप्रोलेग्निया हा बुरशीसारखा जीव डाव साधतो. इंग्लंडमधल्या विंडरमिअरच्या प्रयोगशाळेत टॉम पॉटिंजर आणि सहकाऱ्यांनी ट्राउटमध्ये आणखी दोन गोष्टी दाखवल्या. वारंवार ताण दिलेल्या माद्यांची अंडी लहान राहतात, आणि ताणाला कॉर्टिसॉलचा किती प्रतिसाद द्यायचा हा गुण काही प्रमाणात आनुवंशिक असतो. रोहूची निवड पद्धतीने पैदास करताना वाढीबरोबर हा गुणही पाहायला हवा, हे या व्यासपीठावरून आग्रहाने सांगणे भाग आहे.

आणि बीजाचा हिशेब काठावरच्या मोजणीने बंद करू नये. नमुन्याचे बीज तळ्यातच हाप्यात ठेवून सातव्या दिवशी किती जगले ते मोजावे, आणि बीजकेंद्र, वाहतूकदार व शेतकरी या तिघांचा व्यवहार त्या आकड्यावर ठरावा.