जाहिरातीचा पैसा आणि आपली मिळकत



आज मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. पाच-सात माणसांची आपली ऑनलाइन मार्केटिंगची ऑफिसं वर्षभर राबतात, कामाचा तुटवडा नसतो, तरी मार्चअखेर मालकाच्या हाती फारसं का उरत नाही? नवे ग्राहक कसे मिळवावेत यावर या परिषदेच्या कालच्या सत्रांत पुष्कळ चांगलं बोललं गेलं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपल्यातल्या बहुतेकांचा नफा नव्या ग्राहकावाचून अडलेला नाही. तो आज हातात असलेल्या कामातच आहे, आणि हिशेब मांडत नाही म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

मराठी माणसाला जाहिरातीचा धंदा नवा नाही. गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम आणि कंपनी सुरू झाली. देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरातसंस्थांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी अंकांचा डोलारा मुख्यतः जाहिरातींवर उभा राहिला. त्या जुन्या व्यवस्थेत जाहिरातसंस्थेचं उत्पन्न माध्यमाकडून येई. मान्यताप्राप्त संस्थेला वृत्तपत्र बिलावर १५ टक्के कमिशन देई, शिवाय पैसे भरायला मुदत मिळे. त्यामुळे मजकूर, डिझाइन, सल्ला यांची वेगळी किंमत ग्राहकाकडे मागण्याची वेळ सहसा येत नसे. सल्ल्याचे पैसे मागताना आपली जीभ आजही अडखळते, त्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

गूगल आणि मेटाच्या व्यवहारात ते ठरलेलं कमिशन नाही. छोट्या ऑफिसला उधारीही नाही. पैसे भरले तर जाहिरात चालते, संपले की थांबते. म्हणजे आपली खरी मिळकत एकच उरली : ग्राहकाने आपल्या कामाबद्दल दिलेली फी. असं असूनही ‘उलाढाल किती?’ असं कोणी विचारलं की आपण ग्राहकाचा जाहिरातीचा पैसाही त्यात धरून सांगतो. या सवयीने केवढं नुकसान होतं ते एका उदाहरणातून पाहू.

एक ग्राहक महिन्याला १ लाख रुपयांच्या जाहिराती देतो आणि आपली फी १५ हजार आहे. जाहिरातीचा पैसा आपण आपल्या कार्डावरून भरला. प्लॅटफॉर्मचं बिल १८ टक्के जीएसटी धरून १ लाख १८ हजारांचं झालं. आपण ग्राहकाला १ लाख १५ हजार अधिक २० हजार ७०० जीएसटी असं बिल दिलं. कागदावर चोख आहे, कारण १८ हजारांचं क्रेडिट आपल्याला मिळतं. पण ग्राहकाने पैसे दोन महिन्यांनी दिले तर १ लाख १८ हजार रुपये आपण बिनव्याजी वापरायला दिलेले असतात, तेही १५ हजारांच्या फीसाठी. ग्राहकाने बिल चुकतं केलं नाही तरी आपला जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो. त्यात ग्राहक टीडीएस कापतो तो पूर्ण बिलावर. आपली कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्क्यांनी १ लाख १५ हजारांवर २ हजार ३०० रुपये. आपल्या फीशी ताडून पाहा, हे १५ टक्क्यांहून जास्त झाले! विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतील, पण तोवर वर्षभर अडकून पडतात. आणि असे दोनच ग्राहक असले तरी आपलं वार्षिक बिलिंग २७ लाखांच्या पुढे जातं. जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा ओलांडली जाते, आणि प्रत्यक्ष फी मात्र वर्षाला ३ लाख ६० हजारच असते.

यावरचा उपाय साधा आहे. जाहिरातीचं खातं ग्राहकाच्या नावावर, कार्ड ग्राहकाचं, बिलही थेट त्याच्या जीएसटी क्रमांकावर. आपण फक्त खातं चालवण्याचा अधिकार घ्यायचा. काही जणांना भीती वाटते की खातं ग्राहकाच्या हाती गेलं तर तो आपल्याला सोडून जाईल. ग्राहकाच्या खात्यात वर्षानुवर्षांची माहिती साठलेली असते आणि ती त्याच्या पैशातून तयार झालेली आहे. ती अडवून ग्राहक टिकवणं मला मुळीच पटत नाही. तो आपल्या कामामुळे टिकला पाहिजे.

आता वेळेच्या हिशेबाकडे येतो, कारण नफ्याची सर्वांत मोठी गळती तिथे आहे. समजा, ऑफिसात मालकासह पाच माणसं आहेत. पगार, भाडं, इंटरनेट, सॉफ्टवेअर, वीज आणि मालकाचा स्वतःचा पगार मिळून महिन्याचा खर्च १ लाख ८० हजार. मालकाचा पगार यात धरायचाच. तो न धरता दाखवलेला नफा हा नफाच नव्हे. प्रत्येकाचे ग्राहकाच्या कामी लागणारे तास महिन्याला १२० धरू. एकूण ६०० तास, म्हणजे ताशी खर्च ३०० रुपये. आता १५ हजार फी देणारे एक सराफ घ्या. बारा पोस्ट, चार रील, प्रत्येक डिझाइनमध्ये चार-पाच बदल, रात्री दहा वाजता ‘एवढं आजच टाका’ म्हणून फोन. तास मोजले तर सत्तर भरतात. खर्च २१ हजार, म्हणजे दरमहा ६ हजारांचा तोटा. शेजारी १२ हजार देणारा एक दंतवैद्य आहे. त्याच्या गूगलच्या जाहिराती सांभाळायला आणि प्रोफाइलवरच्या अभिप्रायांना उत्तरं द्यायला बावीस तास लागतात. तिथे ५ हजार ४०० उरतात. आपण मात्र सराफाला मोठा ग्राहक समजतो आणि दंतवैद्याचा फोन उचलायला उशीर करतो.

प्रत्येक ग्राहकामागे किती तास जातात याची नोंद तीन महिने ठेवा. कागदावर ठेवा, एक्सेलमध्ये ठेवा, कशीही ठेवा. ती हाती आली की काय सोडायचं हे कोणाला विचारावं लागणार नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यात आधी सोडण्यासारखं काम म्हणजे सणावारांच्या आणि जयंत्यांच्या शुभेच्छांचे पोस्टर. वर्षभर प्रत्येक ग्राहकासाठी लोगो बदलून आपण ते करत राहतो. त्यातून विक्री झाल्याचं कोणी दाखवू शकत नाही, आणि आता ग्राहकाच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा कॅन्व्हावर तेच दहा मिनिटांत करतो. ज्याला हवे असतील त्याने वेगळे पैसे देऊन घ्यावेत. बदलांची संख्याही करारात लिहिलेली असावी : दोन बदल फीमध्ये, पुढच्या प्रत्येकाचे पैसे वेगळे.

दरवाढीबद्दल आपण फार घाबरतो. वरच्याच ऑफिसची एकूण फी महिन्याला २ लाख असेल तर नफा २० हजार. सगळ्यांची फी १० टक्क्यांनी वाढली तर आणखी २० हजार येतील आणि खर्च होता तेवढाच राहील. नफा दुप्पट! तेच २० हजार नव्या ग्राहकांकडून आणायचे तर त्यांच्या कामाला माणूस लागेल. दरवाढीमुळे एखादा तोट्यातला ग्राहक गेलाच, तर त्याचे सत्तर तास मोकळे होतात. जाहिरातखर्चाच्या टक्केवारीवर फी ठरवण्याची पद्धतही मला छोट्या ऑफिससाठी योग्य वाटत नाही. २० हजारांच्या जाहिरातीवर १० टक्के म्हणजे २ हजार, आणि मेहनत जवळपास मोठ्या खात्याएवढीच. शिवाय ग्राहकाने जास्त खर्च केला तरच आपल्याला जास्त मिळणार असेल, तर ‘या महिन्यात खर्च कमी करा’ हा खरा सल्ला आपण मोकळ्या मनाने देऊ शकत नाही.

वसुलीसाठी कायदा आपल्या बाजूने आहे आणि आपण तो वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपण जवळजवळ सगळे सूक्ष्म उद्योगात मोडतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिलाचे पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही याची जोड आली : मुदतीत न दिलेलं बिल ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी दाखवता येतं. त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सीए स्वतःच त्याला आपलं बिल भरायला सांगतो. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. तो क्रमांक बिलावर छापा. भांडणाची वेळ फार क्वचित येईल; आली तर राज्यातल्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. आणि मासिक फी आगाऊ घेण्याचा नियम केलात, तर हे सगळं फक्त जुन्या येण्यापुरतं उरेल.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. आपली फी ग्राहकाच्या गल्ल्यातून येते, आणि त्या गल्ल्यात काय चाललंय हे आपण फार कमी विचारतो. ‘लीड येतात हो, पण गिऱ्हाईक होत नाही,’ ही तक्रार इथल्या प्रत्येकाने ऐकली असेल. पुष्कळदा जाहिरात ठीक असते. क्लासच्या जाहिरातीवर सोमवारी नंबर दिलेल्या पालकांना फोन जातो गुरुवारी, तोवर त्यांनी दुसरीकडे प्रवेश घेतलेला असतो. लीड आल्यावर अर्ध्या तासात फोन जाईल अशी व्यवस्था ग्राहकाच्या काउंटरवर बसवून देणं हे आपलं काम आहे, आणि त्याचे पैसे मागायला हरकत नाही.

कधी दोष खात्यात असतो. गूगलवर ठिकाण निवडताना मूळ सेटिंग असं असतं की त्या गावात असलेल्यांबरोबर त्या गावात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. सांगलीतल्या दवाखान्याची जाहिरात मग पुण्या-मुंबईत क्लिक होत राहते. शोधशब्दांची यादी उघडली की ‘फ्री’, ‘नोकरी’, ‘पीडीएफ’ अशा शोधांवर पैसे गेलेले दिसतात. ते शब्द वगळणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. माणसं देवनागरीत शोधतात, रोमन अक्षरांत मराठी लिहून शोधतात, इंग्रजीतही शोधतात. आपल्या तालुक्यात कोण कसं शोधतं हे आपल्याला मोठ्या शहरातल्या एजन्सीपेक्षा चांगलं कळतं. पोस्ट बनवण्याची किंमत एआयमुळे झपाट्याने उतरते आहे. अक्षय्य तृतीयेच्या किती दिवस आधी सराफाने खर्च वाढवावा, दहावीच्या निकालानंतर क्लासची जाहिरात किती काळ चालवावी, हे ठरवणाऱ्या जाणत्या नजरेची किंमत उतरलेली नाही. आपण फी मागायची ती त्या नजरेची.

हा आग्रह मी केवळ मालकांसाठी धरत नाही. आपल्या ऑफिसांतून जिल्ह्याच्या गावची मुलं-मुली पहिली नोकरी करतात. कामात तयार झाली की पाच-सहा हजारांच्या फरकासाठी पुण्याला जातात, आणि नव्या मुलाला शिकवण्यात आपले आणखी तास जातात. त्यांना इथेच चांगला पगार द्यायचा तर तो नफ्यातूनच येईल.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. आपल्या सर्वांना वापरता येईल असा कराराचा मराठी नमुना या परिषदेने तयार करावा. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : खातं आणि कार्ड ग्राहकाचं, फी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ, बदलांची मर्यादा, आणि विक्रीचे आकडे दर महिन्याला आपल्याला कळवण्याची ग्राहकाची जबाबदारी. शेवटच्या अटीवर काही ग्राहक कुरकुर करतील. तिचे शब्द कसे असावेत यावर दुपारच्या सत्रात चर्चा व्हावी, आणि ज्यांचे ग्राहक आज असे आकडे देतात त्यांनी ते कसं जमवलं हे आधी सांगावं, अशी माझी विनंती आहे.